नाकासमोरचा आवाज

माझ्या मामाला बाजारात नावानं कुणी ओळखत नाही. सगळे त्याला ‘कानवाले’ म्हणतात. जुना रेडिओ छातीशी धरून कुणी अनोळखी माणूस माझ्या औषधांच्या दुकानात शिरतो आणि ‘कानवाले कुठं बसतात हो?’ असं विचारतो. मी हातातली गोळ्यांची पट्टी खाली न ठेवता रस्त्यापलीकडे बोट दाखवते आणि मामाला हाक मारते. मामा आधी बेकरीकडे बघतो, मग चष्मेवाल्याकडे आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. कामात बुडालेल्या माणसाचं असंच होणार, असं म्हणून आम्ही हसायचो. हे गेली पाच-सहा वर्षं चाललंय.

तो जुने स्टिरिओ रिसीव्हर दुरुस्त करतो. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत, बाजूला लाकूड, पुढं चकचकीत पट्टी, पिवळ्या उजेडाची लांब काच आणि स्टेशन लावायला एक जड चकती, जी एकदा फिरवली की हात काढल्यावरही थोडी आपणहून फिरत राहते. मामा रिसीव्हर आधी ऐकत नाही, उचलतो. कमरेतून कळ आली की म्हणतो, ‘माल चांगलाय.’ हलका लागला की नाक मुरडतो.

पण त्याचं खरं नाव झालं ते शेवटच्या एका कामामुळं. यंत्र दुरुस्त झालं की तो ते मागच्या खोलीत नेतो. तिथं दोन स्पीकर, डावा कपाटापाशी, उजवा खिडकीपाशी, आणि त्यांच्या बरोबर समोर हातांची एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसायचं नाही. तो एक ठरलेली रेकॉर्ड लावतो. एक बाई गाते, मागं एकच वाद्य, बाकी काही नाही. रेकॉर्डिंग असं आहे की बाईचा आवाज दोन्ही स्पीकरच्या अगदी मधून यायला हवा. जुन्या यंत्रात डावं-उजवं जुळवायचं बॅलन्सचं बटण झिजलेलं असतं, त्याची खूण मधे असली तरी आवाज मधे असेलच असं नाही. म्हणून मामा डोळे मिटून ते बटण तसूतसूनं फिरवतो, बाई नाकासमोर उभी राहिली की थांबतो, मग बटण दांडीवरून उपटून काढतो आणि त्याची रेघ बरोबर वर येईल असं परत बसवतो. आतलं कुठं का असेना, बाहेरून रेघ सरळ. हे आसपास दुसरं कुणी करत नाही. लोक मुद्दाम सांगतात, ‘कानवाल्यांकडून नाकासमोर करून आणलाय.’

मामी दुपारी डबा घेऊन येते आणि त्या खुर्चीच्या उजव्या हाताला स्टुलावर बसते. घरीही जेवताना तिची जागा तीच. ती काहीतरी सांगते, मामा उत्तर देत नाही, मग ती म्हणते, ‘मला कोण विचारतंय!’ आणि शिवण काढून बसते. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की मला वाटायचं, लग्न जुनं झालं की नवरा-बायकोत एवढंच उरतं. मला स्वतःला लग्नाचा अनुभव फारसा नाही, आणि जो आहे तो सांगण्यासारखा नाही.

तर एका सोमवारी दाताचे डॉक्टर आले. दवाखाना आमच्याच रस्त्यावर, माणूस भिडस्त, दात काढतानासुद्धा आधी माफी मागणारा. त्यांनी गाडीतून दोन खोकी उतरवली. एकात त्यांच्या वडिलांचा जुना रिसीव्हर होता, तीन वर्षांपूर्वी मामानंच दुरुस्त केलेला. दुसऱ्यात नवा कोरा होम थिएटर रिसीव्हर.

‘मामा, घरात दोन्हींना जागा नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘सिनेमा बघायचाय असं नाही, मला गाणी ऐकायचीत. तुम्ही दोन्ही ऐका आणि शनिवारपर्यंत सांगा, गाण्यासाठी कुठला ठेवू. तुम्ही म्हणाल तो ठेवतो, दुसरा देऊन टाकतो.’

‘यात ऐकायचं काय?’ मामा म्हणाला. ‘आत्ता सांगतो.’

‘नाही, ऐकूनच सांगा,’ डॉक्टर म्हणाले. एवढा भिडस्त माणूस हट्ट करतोय हे मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं. वडिलांची वस्तू जाणार की राहणार हे मामाच्या शब्दावर ठेवून ते निघून गेले.

मामानं नवा उचलला आणि हसला. मागं नऊ स्पीकरसाठी भोकं, एकूण वजन आठ-नऊ किलो. ‘तोंडं नऊ, आणि अंगात काही नाही. खातो काय हा?’

त्या नव्याला टीव्ही लागतो, त्याशिवाय तो बोलतच नाही. म्हणून माझ्या घरचा टीव्ही आला. मग पडद्यावर याद्या उघडल्या. मोठं सभागृह, छोटं सभागृह, स्टेडियम, सिनेमा, खेळ. मामानं स्टेडियम लावलं आणि बाई पाण्याच्या टाकीत पडल्यासारखी गाऊ लागली. ‘अगं, ही बिचारी खोलीत गातेय, हिला मैदानात कुणी ओढत नेली?’ तो ओरडला. मी पुस्तिका वाचून सगळी सोंगं बंद करणारं बटण शोधलं. मग पुस्तिकेत होतं तसं त्याच्याबरोबर आलेला छोटा माईक खुर्चीच्या पाठीवर, मामाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवला. यंत्रानं दोन्ही स्पीकरमधून खरखर सोडली, काहीतरी मोजलं आणि पडद्यावर दाखवलं: दोन्ही अंतरं सारखी, दोन्ही आवाज सारखे.

मामा खुर्चीत बसला. रेकॉर्ड लागली.

तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग खरं तेच म्हणाला. तो खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण आणि त्याहून मोठा त्रास. ‘स्वच्छ आहे,’ तो म्हणाला. ‘मागची खरखर अजिबात नाही. मला वाटलं होतं, पत्र्याचा आवाज काढेल. नाही काढत.’ आणि मग त्याचा चेहरा उजळला. ‘पण बाई डावीकडे आहे! कपाटापाशी उभी आहे. बघ तुझं मोजमाप!’

मग त्याच स्पीकरना जुना जोडला. काच पिवळी झाली, मामा मागं रेलला. ‘ही बघ. नाकासमोर. आणि आवाज कसा भरलेला.’

मी त्याच्या खुर्चीमागं उभी होते. माझा गोंधळ तिथंच सुरू झाला. मला नव्या यंत्रावर बाई बरोबर मधे ऐकू आली होती. आणि जुन्यावर ती उजवीकडे, खिडकीपाशी सरकली होती.

‘मामा, मला उलटं वाटतंय,’ मी म्हटलं.

‘तू उभी आहेस.’

मी वाकले. तरी खिडकीच. ‘मामी, तुला?’ मामी सुईत दोरा ओवत म्हणाली, ‘मला कोण विचारतंय!’ मी म्हटलं, अगं, मी विचारतेय. तर म्हणाली, ‘मी स्टुलावर, खिडकीला चिकटून. मला सगळं खिडकीतूनच येणार.’

मामा हसला. ‘बाजार मला कानवाले म्हणतो. तुला काय म्हणतो?’ बाजार मला ‘खोकल्याचं औषध’ म्हणतो, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. मी दुकानात परतले. तिथं दोन गिऱ्हाइकांना चुकीचं मलम दिलं, इतकं डोकं चक्रावलं होतं. चाळीस वर्षं कानावर जगलेला माणूस एक सांगतोय, यंत्र एक सांगतंय, आणि माझे कान यंत्राच्या बाजूनं. मी आपले कानच साफ करून घेतले. घरचंच औषध, काही फरक पडला नाही.

मामालाही चैन पडेना. ‘जुना ठेवा’ असं छातीठोकपणे सांगून मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण यंत्र का चुकतं हे कळल्याशिवाय त्याला निकाल द्यायचा नव्हता. दोष शोधायचा त्याचा एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मंगळवारी त्यानं नव्याच्या मागच्या वायरी उलट केल्या, डावी उजवीकडे. बाई डावीकडेच. बुधवारी स्पीकरच उचलून एकाच्या जागी दुसरा ठेवला. डावीकडेच. दुपारी खिडकीचा पडदा काढला, मग लावला. गुरुवारी आम्ही तिघांनी मिळून कपाट ओढून बाहेरच्या खोलीत नेलं, कारण डावीकडून भिंत आवाज परतवत असेल. बाई रिकाम्या भिंतीपाशी उभी राहून गात राहिली.

‘वायरी बदलल्यावर तरी तिनं बाजू बदलायला हवी होती,’ मामा स्वतःशीच म्हणत होता. ‘यंत्रात खोट असती तर ती तिकडं गेली असती. स्पीकरमधे असती तर स्पीकरबरोबर गेली असती. ही जातच नाही. हे काय आहे?’ त्यानं जुन्यावर मात्र यातलं काही करून पाहिलं नाही. जुना बरोबर होता, त्याला कशाला हात लावायचा?

बाहेर दुरुस्तीला आलेले तीन रेडिओ तसेच पडून होते. मामा जेवताना घास हातात धरून बसायचा. मला त्याची कीव यायला लागली आणि रागही. अरे, यंत्र म्हणजे शेवटी पत्र्याचा डबा! सांगून टाक ना डॉक्टरांना काहीतरी, असं मी म्हटलंसुद्धा. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काही वाईट बोलले होते.

शुक्रवारी दुपारी मामी डबा लावत होती. ती सहज म्हणाली, ‘सगळी खोली उलटीपालटी केलीत. ही खुर्ची तेवढी जागची हलली नाही.’

मामानं ऐकलं नाही. मी तेच जरा मोठ्यानं, त्याच्या समोर जाऊन सांगितलं.

तो उठला. खुर्ची उचलून त्यानं पूर्ण फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसला. आता रिकाम्या भिंतीकडचा स्पीकर त्याच्या उजव्या हाताला आला आणि खिडकीकडचा डाव्या. मी नव्यावर रेकॉर्ड लावली.

‘कुठं आहे?’ मी विचारलं.

त्यानं डावा हात उचलला आणि खिडकीकडे दाखवला.

पाच दिवस कपाटाची बाजू न सोडलेली बाई मामा फिरल्याबरोबर खिडकीपाशी गेली होती. तो जिकडे तोंड करेल तिकडे ती त्याच्या डाव्या हाताला. मला ते समजायला थोडा वेळ लागला. त्याला लागला नाही. तो उजवा हात मांडीवर ठेवून नुसता बसला. मग त्यानं तळहात डाव्या कानावर घट्ट दाबला. बाई गातच होती, चांगली मोठ्यानं.

‘बंद केलीस का गं?’ त्यानं मला विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. 

त्यानंतरचा तासभर मला नीट आठवत नाही, कारण सगळे एकाच वेळी गोंधळले होते. मामा विचारत होता, कधीपासून? पाच वर्षं? सात? मग तेव्हापासून ‘नाकासमोर’ करून दिलेली यंत्रं? शिंप्याचं, शाळेतल्या बाईंचं, चष्मेवाल्याचं? त्याचा उजवा कान कमी ऐकतो म्हणून तो बटण उजवीकडे नेत गेला, त्याच्यापुरती बाई मधे आली, आणि मग त्यानं रेघ वर करून ती चूक पक्की केली. म्हणजे गावभर सगळ्यांच्या घरी आवाज उजवीकडे कललेला, आणि वर मामाची सही. मी विचारत होते, मी औषधं विकते, मला कसं कळलं नाही? तो फोन कायम डाव्या कानाला लावतो. हाक मारली की कुठून आली ते त्याला कळत नाही, म्हणून तो बेकरीकडे बघतो. हे मी रोज बघत होते आणि हसत होते. मला माझी लाज वाटली.

मामी काहीच विचारत नव्हती. तिनं डबा परत झाकला. मग म्हणाली, ‘म्हणजे तुम्ही मला ऐकतच नव्हता?’

‘काय?’ मामा म्हणाला, कारण ती उजवीकडे बसली होती.

ती रडली. मला वाटलं दुःखानं, पण ती म्हणाली, ‘मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही.’ आणि मग रागावलीही, एवढी वर्षं हे अंगावर काढलंत म्हणून. तिला नक्की काय झालं होतं हे तिलाही सांगता आलं नसतं.

शनिवारी डॉक्टर आले. मामानं काही आडपडदा ठेवला नाही. ‘डॉक्टर, निकाल मला देता येणार नाही. माझा उजवा कान गेलाय. तुमच्या यंत्राचं बॅलन्स मी वाकडं बसवलंय. तीन वर्षं तुम्ही वाकडं ऐकलंत. माफ करा.’

डॉक्टरांचे कान लाल झाले. ते बोटांशी खेळत राहिले आणि मग म्हणाले, ‘मला वाटायचं, आमच्या खोलीतच काहीतरी आहे. गाणं नेहमी उजवीकडून, गॅलरीच्या दाराकडून यायचं. फर्निचर हलवलं, गालिचा घातला. बटण बघावं तर बरोबर मधे. शेवटी वाटलं यंत्रच थकलं असेल, म्हणून नवा आणला.’

‘मला का नाही विचारलंत?’

‘तुम्ही नाकासमोर केलेलं,’ डॉक्टर म्हणाले. ‘त्याच्यावर काय विचारणार?’

मामा खाली बसला. जो जुना रिसीव्हर वाचवायला तो आठवडाभर धडपडत होता, तो त्याच्याच कानामुळं घराबाहेर निघाला होता. 

मग तो उठला, खुर्ची परत सरळ केली आणि मामीला म्हणाला, ‘बस.’

‘मी? तुमच्या खुर्चीत?’

‘बस. बाई नाकासमोर आली की थांब म्हण.’

मामी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मामा जुन्यापुढं गुडघे टेकून बसला, यंत्राकडे पाठ आणि बायकोकडे तोंड करून, हात मागं नेऊन बटणावर. मी रेकॉर्ड लावली आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत बटण फिरवू लागला. ‘अजून,’ ती म्हणाली. ‘अजून थोडं. गेली, गेली पुढं. परत या. थांबा!’ मामानं बटण उपटलं, रेघ वर केली, बसवलं. मग डॉक्टर बसले, त्यांनी डोळे मिटले आणि ते लगेच उघडले. ‘वडील असताना असंच होतं,’ ते म्हणाले.

‘पण गाण्यासाठी कुठला?’ मी विचारलं. आठवडाभर माझ्या घरी टीव्ही नव्हता, मला उत्तर हवं होतं.

मामानं मामीकडे हात केला. ‘हिला विचारा.’

मामीनं दोन्ही आळीपाळीनं ऐकले, दोनदा. मग जरा चाचरत म्हणाली, ‘जुन्यात ती जवळ येऊन गाते. आपल्या घरात आल्यासारखी. नव्यात थोडी लांबच उभी राहते, पण सगळं कळतं. ती श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो. आता कुणाला काय हवं ते मी कसं सांगू?’

डॉक्टर म्हणाले, मग मी दोन्ही ठेवतो, कुठं ठेवू ते मात्र कळत नाही. मलाही काही कळलं नाही. पण मामाचं तिकडे लक्षच नव्हतं.

‘श्वास?’ तो म्हणाला. ‘कुठं घेते श्वास?’

‘घेते की. दुसऱ्या कडव्याच्या आधी. चांगला मोठा.’

‘ही रेकॉर्ड मी तीस वर्षं लावतोय,’ मामा म्हणाला. ‘आधी यंत्रं तो श्वास ऐकवायची नाहीत. नंतर कान...’ त्यानं नवा सुरू केला, रेकॉर्डची सुई परत पहिल्या ओळीवर ठेवली आणि मामीचा स्टूल उचलून खुर्चीच्या डाव्या बाजूला मांडला. ती त्यावर जाऊन बसली. तो खुर्चीत बसला, डोळे मिटले, जिवाचे कान केले. पहिलं कडवं संपलं. त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. एवढं बारीक आता त्याच्या डाव्या कानालाही ऐकू येत नाही हे मला दिसत होतं.

मामीनं त्याच्या मनगटावर बोट ठेवलं. ‘आत्ता,’ ती म्हणाली.